अळणी श्रावण

लॅबमध्ये नवीन यंत्र आलं त्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी मला खिडक्या लावून पडदे ओढून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, उन्हाने काही बिघडत असेल. तसं नव्हतं. त्यांना मला एक गोष्ट दाखवायची होती आणि ती अंधारात जास्त चांगली दिसते, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मुंबईला मामाकडे राहून मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला होता आणि रत्नागिरीत एका खाजगी लॅबमध्ये नोकरीला लागले होते. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारं एक सेंट्रिफ्यूज आणि रुंद हाताची एक लाकडी खुर्ची. त्यात आता हा फ्लेम फोटोमीटर आला. एका बाजूने गॅसचा सिलिंडर, दुसऱ्या बाजूने धडधडणारा हवेचा पंप आणि मधे काचेच्या धुराड्यात करंगळीएवढी निळी ज्योत. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं, ते पातळ करून बारीक नळीतून त्या ज्योतीत फवारायचं. रक्तातले क्षार जळताना आपापला रंग देतात. रंग किती, त्यावरून क्षार किती ते काटा सांगतो.

डॉक्टरांनी आधी साधं मिठाचं पाणी दिलं. ज्योत पिवळीजर्द झाली. मग नळी धुऊन त्यांनी दुसरी बाटली लावली आणि म्हणाले, "आता बघ."

निळ्या ज्योतीच्या पोटातून लाल रंग वर चढला. रातांबा फोडल्यावर बोटांना लागतो ना, तसा लाल. मी आयुष्यात विस्तवाचा असा रंग पाहिला नव्हता.

"हे लिथियम," डॉक्टर म्हणाले. "दगडातून काढतात. आपल्या मिठाचाच भाऊ म्हण. याची गोळी घेऊन माणसाचं उधाणलेलं मन ताळ्यावर येतं."

"ते कसं?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

एवढ्या शिकलेल्या माणसाने इतक्या सहज हे सांगावं, याचंच मला जास्त नवल वाटलं. मी त्या ज्योतीकडे बघत राहिले. मला माझी काकी आठवत होती.

आमचं गाव आत डोंगराकडचं, भातशेतीचं. तिथे माझ्या एका काकीला वर्ष-दीड वर्षाने काहीतरी व्हायचं. दिवसच्या दिवस ती बोलत राहायची, गाणी म्हणायची, सगळ्या वाडीला जेवायची आमंत्रणं देऊन यायची. मग एकाएकी गप्प होऊन महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडायची. घरच्यांनी देवाला कौल लावला, भगताकडे नेलं, आणि काहीच चालेना तेव्हा पडवीतल्या खांबाला बांधून ठेवलं. ती वाईट माणसं नव्हती. त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मी सहावीत असताना काकी गेली. तिच्या मनगटावरचे दोरीचे वळ मी पाहिलेले आहेत. दगडातून निघणारं, मिठासारखं काहीतरी तिला मिळालं असतं तर, एवढाच विचार त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या डोक्यात फिरत होता.

चार दिवसांनी शहरातले मानसोपचाराचे डॉक्टर यंत्र बघायला आले. उंच, हळू बोलणारे गृहस्थ. तोवर त्यांच्या पेशंटांचं रक्त मुंबईला जायचं आणि उत्तर यायला आठ-दहा दिवस लागायचे. ते मला म्हणाले, "या औषधाचं एक विचित्र आहे. काम करणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांत फार अंतर नाही. एका लिटरमागे साधारण शून्य पॉइंट सहा ते एक पॉइंट दोन, एवढ्या पट्टीत ते राहिलं पाहिजे. खाली गेलं तर गोळी घेऊन न घेतल्यासारखी. वर गेलं तर माणूस हातचा जाऊ शकतो. तेव्हा काटा नीट वाच."

त्या वाक्याने माझी झोप उडाली होती. एखाद्याची साखर दहाने इकडेतिकडे झाली तर तेवढं चालून जायचं. इथे दशांश चिन्हापुढचा एक आकडा म्हणजे माणूस होता.

त्याच वर्षी शिमगा होऊन महिना-दीड महिना झाल्यावर ती आली.

खाडीकाठच्या वस्तीतली मासळी विकणारी बाई, वय चाळिशीच्या आतबाहेर. बरोबर नवरा, मोठ्या होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाश्यांचा म्होरक्या. त्याने तिला दंडाला धरून आणलं, कारण ती लाकडासारखी ताठ झाली होती. मान एका बाजूला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, पावलं फरफटत. मला वाटलं, हाच आजार. आमचे डॉक्टर म्हणाले, "नाही, हा आजार नाही. आजार उतरवायला जी इंजेक्शनं द्यावी लागली, त्यांचा हा परिणाम. त्यावरची गोळी चालू आहे. इंजेक्शनं कमी होतील तसं अंग मोकळं होईल."

नवऱ्याने मग हकिगत सांगितली. सुरू झालं ते ऐन शिमग्यात, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळेच नाचत होते, तीही नाचत होती. पालखी देवळात परत गेली तरी ही थांबेना. दहा-बारा दिवसांत मिळून एका दिवसाची झोप घेतली नसेल. टोपलीभर सुरमई बाजारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकली. एका दुपारी ओहोटी लागलेली बघून भाट्याच्या किनाऱ्यावरून नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली, म्हणाली, असंच चालत वेळणेश्वराला माहेरी जाते. चार जणांनी धरून बाहेर काढलं.

"चार माणसांना आवरत नव्हती ताई," तो म्हणाला. "आणि आता बघा. बोलत पण नाय. हे बरं की ते बरं?"

मी तिचं रक्त घेतलं. लिथियम सुरू करण्याआधी मूत्रपिंडं कशी चालतात ते बघायचं असतं, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बघायची असते. मूत्रपिंडाची तपासणी आम्ही केली. थायरॉइडची नळी बर्फात घालून एस.टी.ने मुंबईला पाठवली. दोन्ही बरोबर निघाल्यावर गोळ्या सुरू झाल्या आणि ती सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला लॅबमध्ये येऊ लागली. नियम पक्का होता. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची.

मी जे पाहिलं ते सांगताना अजूनही माझा आवाज खाली येतो. पहिल्या आठवड्यात तिचे डोळे माझ्यावरून भिंतीवरून फिरावेत तसे फिरले. तिसऱ्या आठवड्यात मान सरळ झाली होती. तिने सुईकडे बघितलं आणि हात किंचित मागे घेतला. मला इतका आनंद झाला, की मी सुई बाजूला ठेवून तिचा हात नुसताच धरला. पाचव्या आठवड्यात खुर्चीवर बसता बसता तिने विचारलं, "बाय, तुजं गाव कुठलं गो?"

तो तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. घोगरा, बाजारात कमावलेला. नवरा दारात उभा होता, तो पटकन बाहेर तोंड करून रस्ता बघू लागला.

पुढे ती बोलकी झाली. आजारातली बडबड नव्हे, साधी माणसासारखी बोलकी. तक्रारीही करायची. "तहान किती लागते! कळशी संपते. आणि तेवढ्याच खेपा लघवीच्या." हात बारीक थरथरायचे, कोलंबी सोलताना सुरी सटकायची. पोलकं दंडात घट्ट होऊ लागलं होतं. मी सगळं कागदावर लिहून मानसोपचाराच्या डॉक्टरांना पाठवायची. तहान लागते तर पाणी प्या, कमी करू नका, असा त्यांचा निरोप यायचा.

एकदा तिने हट्टच धरला, की ज्योतीत माझं रक्त कसं दिसतं ते दाखव. मी पडदा ओढला. तिचा नमुना फवारला. ज्योत पिवळी झाली.

"लाल कुठं हाय? तू तर लाल म्हणालीस."

"तुमच्या रक्तात मीठ खूप आणि हे औषध अगदी थोडं. पिवळ्याच्या आड लाल झाकून जातं. यंत्रात रंग गाळणारी काच आहे, तिला दिसतं, आपल्या डोळ्याला नाही."

ती त्या पिवळ्या ज्योतीकडे वाकली. "म्हंजे हाय, पण दिसत नाय," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुन्यांदा तसं व्हायचं नाय ना गो मला?"

"गोळी नियमाने घेतलीत तर बहुतेक नाही."

"बहुतेक," ती म्हणाली. आणि उठली.

त्या "बहुतेक"वर तिने काय केलं ते मला श्रावणात कळलं.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. होड्या पुन्हा समुद्रात जायच्या तयारीत होत्या. तिचा तपासणीचा दिवस होता. सकाळी आठ-साडेआठला नवरा तिला घेऊन आला. ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या देत होती. हात थरथरत होते, पण नेहमीसारखे बारीक नव्हे, मोठे हेलकावे घेत होते. काही बोलायला गेली तर शब्द तोंडात लोळत होते.

"परत सुरू झालं ताई," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चार दिवस झाले. जेवण जात नाय, उलट्या होतायत, पाय ठरत नाय. मी बोललो, गोळी कमी पडत असेल. परवापासून एक वाढवून देतोय."

"रात्रीची किती वाजता दिली?"

"साडेआठला. आताची खिशात हाय." त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकली. का घेतली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

रक्त घेतलं. गोठायला ठेवलं. ती पंधरा-वीस मिनिटं मला खूप मोठी गेली. मग सेंट्रिफ्यूज, मग पातळ करणं, मग ज्योत. काटा सरकत सरकत माझ्या नेहमीच्या पट्टीच्या पार पलीकडे गेला. हिशेब केला: दोन पॉइंट तीन.

माझा विश्वास बसला नाही. नळी धुतली, साध्या पाण्यावर काटा शून्यावर आणला, ठरलेल्या द्रावणाने पुन्हा लावून घेतला, नमुना पुन्हा पातळ केला. दोन पॉइंट तीन. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी आकडा बघितला, बाहेर येऊन तिला एकदा निरखलं आणि सरळ फोनकडे गेले. "आजार नाही परतला," ते फोनची तबकडी फिरवता फिरवता नवऱ्याला म्हणाले. "औषध चढलंय. अंगात साठलंय. आता एकही गोळी द्यायची नाही."

"औषध?" नवरा खाली बसला. "पण त्यानेच तर ती बरी झाली."

फोनवर मानसोपचाराचे डॉक्टर बोलत होते. आमचे डॉक्टर रिसीव्हरवर हात ठेवून एकेक प्रश्न नवऱ्याला विचारत होते. जुलाब होतायत का? नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांची गोळी? नाही. पाय सुजले म्हणून, अंग दुखतं म्हणून काही घेतलं? नाही. लघवी होते? होते. वाढवलेल्या गोळ्या परवापासूनच्या, पण आजारपण चार दिवसांचं. म्हणजे सुरुवात त्या गोळ्यांनी झालेली नव्हती. मग कशाने?

मी आत यंत्रापाशी उभी होते. ज्योत अजून चालू होती, नमुना उरला होता. हात रिकामे ठेवण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी यंत्रातली रंग गाळणारी काच बदलली आणि त्याच नमुन्यातलं सोडियम मोजलं, म्हणजे आपलं रोजचं मीठ. ते असायला हवं त्याच्या बरंच खाली होतं.

मी बाहेर येऊन तिच्यापुढे उकिडवी बसले. "मावशी, जेवणात मीठ खाता ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, शब्द नीट आला नाही. नवराच म्हणाला, "नाय ओ ताई. श्रावण लागल्यापासून अळणी धरलाय तिनं. सुकी मासळी पण बंद. भात, बिनमिठाची डाळ, केळं. वेळणेश्वराच्या महादेवाला बोलली होती, बरी झाले तर सबंध श्रावण मिठाला शिवणार नाय."

आमच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि फोनमध्ये तसंच्या तसं सांगितलं. पलीकडून मानसोपचाराच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आमच्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. मूत्रपिंडं मीठ आणि लिथियम यांत फारसा भेद करत नाहीत. अंगाला मीठ कमी पडलं की ती जमेल तेवढं मीठ धरून ठेवायला बघतात, आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतात. दर जेवणाला सुकी मासळी खाणाऱ्या बाईने एका दिवसात मीठ तोडलं. गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, पण बाहेर जायचं दार लागलं. त्यात उलट्या सुरू झाल्या, अंगातलं पाणी गेलं, आणि वर परवापासून एक गोळी जास्त.

बरी झाले म्हणून देवाचे आभार मानायला तिने जे सोडलं, नेमकं तेच तिला तारत होतं.

तिला एका खाजगी इस्पितळात ठेवलं. हाताला सलाइन लागलं. सलाइन म्हणजे काय, मिठाचं पाणीच. मानसोपचाराचे डॉक्टर पावसातून स्कूटरवर आले, चिंब भिजलेले, आणि सकाळ-संध्याकाळ रक्त तपासायचं ठरवून गेले. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला नाही तर कोल्हापूरला न्यावं लागेल, रक्त यंत्रातून गाळून घ्यावं लागेल, असं ते म्हणाले. बाहेर कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटात दरड आल्याची बातमी होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची होडी निघायची होती. त्याने खलाश्यांना निरोप पाठवला, की माझ्याशिवाय जा, आणि खाटेच्या पायथ्याशी बसला.

संध्याकाळी मी रक्त घेऊन लॅबमध्ये आले. त्या वेळी वीज गेली असती तर हवेचा पंप बंद पडला असता आणि ज्योतही. पावसात वीज जायचीच. मी यंत्रासमोर उभी राहून, काय सांगू, हात जोडले. कुणाला जोडले ते मला माहीत नाही. पंप धडधडत राहिला. एक पॉइंट नऊ.

मी ते कागदावर न लिहिता छत्री घेऊन इस्पितळात पळाले. दारातूनच मानसोपचाराच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उतरतंय. थांबू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पॉइंट पाच. संध्याकाळी एक पॉइंट एक. पण ती अजून तशीच होती, जीभ जड, हात हेलकावत. रक्तातून उतरलं तरी मेंदूतून उतरायला वेळ लागतो, हे मी तेव्हा शिकले. आकडा बरा आणि माणूस बरा नाही, अशी ती दोन दिवसांची मधली जागा फार अवघड होती. नवरा माझ्याकडे बघायचा आणि मी आकडा सांगायची. त्याला ते खोटं वाटत असणार.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तर ती बसली होती. हातात पेजेची वाटी. थरथर होती, पण वाटी सांडत नव्हती. मला बघून म्हणाली, "बाय, मीठ घातलानी हो माज्या पेजेत." आणि रडायला लागली. मरता मरता वाचल्याचं ते रडू नव्हतं. व्रत मोडलं होतं. देवाला दिलेला शब्द मोडला होता, तोही ती भानावर नसताना, तिला न विचारता, हातातल्या सुईतून.

मानसोपचाराचे डॉक्टर तेव्हाच आत आले. मला वाटलं, ते आता मूत्रपिंडांचं समजावतील. त्यांनी स्टूल ओढलं, तिच्या समोर बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. पाणी प्या सांगितलं, मिठाचं सांगितलं तेही घाईत. श्रावणात तुम्ही काय धरता ते विचारलंच नाही. तुम्ही देवाला सांगा, की डॉक्टरने मोडलं."

ती डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. एवढा मोठा माणूस चूक माझी म्हणतो, हे तिला पटत नव्हतं. मग जरा विचार करून तिने विचारलं, "मीठ सोडायचं नाय तर दुसरं काय सोडू? मशेरी सोडली तर चालंल तुमच्या औषधाला?"

"मशेरी?" डॉक्टर हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "ती सोडलीत तर माझ्या औषधाचं काही बिघडत नाही. पण श्रावणापुरती कशाला, कायमची सोडा."

"कायमची नाय ओ," ती घाबरून म्हणाली. नवरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

काही आठवड्यांनी लिथियम पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा कमी मात्रेत. सुरू करायचं की नाही, हे मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिलाच विचारलं होतं. माझ्यासमोरच. जे औषध एकदा विष झालं ते पुन्हा तोंडात घालायला मी धजले असते का, मला नाही वाटत. ती म्हणाली, "समुद्र पण बुडवतो. म्हणून होडी काय कोणी चुलीत घालत नाय." त्या दिवसापासून डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या पेशंटांसाठी एक कागद मराठीत छापून घेतला. मीठ कमी-जास्त करू नका, उपास धरण्याआधी विचारा, उलट्या-जुलाब झाले तर गोळी थांबवून लगेच या, मनाने गोळी वाढवू नका. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवायची.

वर्षं गेली. ती दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिली. मधे एकदा ती खूप मंद झाली, आवाज जड झाला, भर मे महिन्यात शाल घेऊन बसायची. सगळे म्हणाले, आता उदास झाली. रक्त मुंबईला पाठवलं, तर थायरॉइड थकलेली निघाली. तेही त्याच औषधाने होतं. आणखी एक छोटी गोळी वाढली आणि महिन्या-दोन महिन्यांत शाल गेली. त्या औषधाने तिच्याकडून बरंच काही घेतलं, हे मी लपवणार नाही. हात पूर्ण स्थिर कधीच झाले नाहीत, कोलंबी सोलायचं काम लेकीकडे गेलं. पण शिमगे आले आणि गेले. ती बाजारात आपल्या जागेवर बसलेली असायची, आणि मासळीवरून गिऱ्हाइकाशी भांडताना तिचा घोगरा आवाज वरच्या गल्लीपर्यंत ऐकू यायचा. मला काकी आठवायची. एवढीशी पांढरी गोळी आणि एक अख्खं माणूस, हा मेळ मला कधी बसला नाही. आजही बसत नाही.

दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मी लॅब उघडायला गेले तर ती पायरीवर बसलेली. तपासणीचा दिवस नव्हता. अंगावर नवं लुगडं, कोपरांपर्यंत हळद.

"लवकर टोच गो," ती म्हणाली. "लेकीचं लगीन हाय आज. बाराचा मुहूर्त."

"आज? आणि तुम्ही इथे?"

ती खुर्चीत बसली. दंड पुढे केला. मग हळूच म्हणाली, "काल हळदीला मी नाचले. बाजा ऐकला आणि उठलेच. तर सगळी माणसं थांबली. लेकीचं तोंड उतरलं. तिचा बापूस काय बोलला नाय, पण माज्याकडं असा बघत राह्यला, जसा त्या शिमग्यात बघायचा. म्हणून आले. बघ आणि सांग. ते नाचणं माजं होतं का रोगाचं?"

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. "मावशी, गोळी रक्तात किती आहे एवढंच यंत्र सांगतं. नाचणं कुणाचं, ते त्याला कळत नाही."

"मग कुणाला कळतं?"

मानसोपचाराचे डॉक्टर नेहमी जे विचारायचे तेच मी विचारलं. "रात्री झोप लागली?"

"लागली म्हंजे? पाचला लेकीनं हलवून उठवलं."

"नाचलात किती वेळ?"

"दोन गाणी. मग गुडघे बोंबलायला लागले. बसले."

मला हसू आलं. तिलाही आलं. मी रक्त घेतलं, आणि अर्धा तास ती पायरीवर जाऊन बसली. हळदीच्या हाताचे ठसे लॅबच्या दाराच्या चौकटीवर उमटले होते. काटा शून्य पॉइंट सातवर थांबला. मी बाहेर येऊन सांगितलं. तिने तो आकडा दोनदा स्वतःशी म्हटला, मग लुगड्याचा काष्टा सारखा करत उठली.

"बाराला ये," ती म्हणाली. "डॉक्टरला पण आण. मी परत नाचणार हाय."